हवानाचे वाफे

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ हा तंबाखूचा मुलूख आहे. 1992 च्या सुमारास तिथली माणसं डॉक्टरांकडे एक विचित्र तक्रार घेऊन येऊ लागली. समोरचं धूसर दिसतं, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. काहींच्या तळपायांची आग व्हायची, मग ते बधिर पडायचे. 1993 पर्यंत रुग्णांचा आकडा 50 हजारांवर गेला, तोही जेमतेम 1 कोटी 10 लाख वस्तीच्या देशात. आधी विषाणूचा संशय आला.

मुख्य कारण निघालं ताटात. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणारं स्वस्त तेल, खत, धान्य आटलं. लोक भात आणि साखरेवर दिवस ढकलत होते. वर इंधन नाही म्हणून कामावर जायचं ते पायी किंवा सायकलवर. भात-साखरेतून ऊर्जा काढायला शरीराला थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व लागतं आणि त्याचा साठा अंगात दोन-तीन आठवडेच पुरतो. डोळ्याच्या मज्जातंतूतले अगदी बारीक धागे नजरेच्या मध्यभागाचं चित्र मेंदूकडे नेतात. त्यांना ऊर्जा अखंड हवी असते, म्हणून टंचाईत आधी तेच मोडतात. तंबाखू आणि दारूने त्यात भर घातली. 1993 मध्ये साऱ्या देशाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि साथ ओसरली.

पण गोळ्या कायमच्या कशा पुरणार? त्याच वर्षांत राजधानी हवानाच्या मोकळ्या जागांवर वाफे उभे राहिले. खालची जमीन राडारोड्याची, म्हणून कठडे रचून त्यात शेणखत, गांडूळखत आणि साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, भरायचा. हा प्रेसमड आपल्या ऊस पट्ट्यालाही चांगलाच ओळखीचा. फवारणीची औषधं मिळत नव्हती, तेव्हा कडेने झेंडू आणि मका, शिवाय कडुलिंब. या वाफ्यांना तिकडे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. 1997 मध्ये हवानाच्या पूर्वेला, आलामारच्या चाळीवजा इमारतींमध्ये, मोजक्या लोकांनी अशीच एक शेती सुरू केली. भाजी तिथेच काढायची, तिथेच विकायची.

या वाफ्यांनी क्यूबाचं पोट भरलं, असं मात्र मी म्हणणार नाही. तो देश आजही बरंचसं अन्न बाहेरून आणतो. मज्जातंतूंना लागणारं ब-12 जीवनसत्त्व तर कुठल्याच पालेभाजीत नसतं. वाफ्यांनी दिलं ते फोलेट (ब-9 जीवनसत्त्व), क जीवनसत्त्व, ताजा पाला. साठवणीच्या धान्यात ज्याची वानवा असते तेच.

2020 च्या टाळेबंदीत आपल्याकडे हेच दिसलं. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मोफत मिळालं, कारण धान्य गोदामात टिकतं. पालक टिकत नाही. मे महिन्यात वाशीची बाजार समिती काही दिवस बंद राहिली, तेव्हा मुंबईची भाजीच अडली. म्हणून मला वाटतं, शहराने गहू-तांदळाच्या फंदात पडू नये. पालेभाजीचा मात्र थोडा हिस्सा, आजार येवो न येवो, गच्चीत आणि शाळेच्या आवारात पिकत असावा.

रस्त्याकडेची माती तेवढी टाळा. जुन्या पेट्रोलमधलं शिसं तिच्यात अजून असू शकतं. भाजीचा क्रेट, कुजलेला पालापाचोळा, उसाची चिपाडं आणि वीतभर खोली पुरते. मेथी महिन्याभरात काढणीला येते, आणि बी बहुतेक वेळा मसाल्याच्या डब्यातलंही उगवतं.