ईझिंग्टन रूरल डिस्ट्रिक्ट: शेतीची हद्द आणि कोळशाची गावं

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहॅम काउंटीत, ईझिंग्टन रूरल डिस्ट्रिक्ट १९७४ पर्यंत होता. १८९४ च्या कायद्याने असे ग्रामीण जिल्हे देशभर निर्माण झाले. पण ईझिंग्टनची हद्द त्याहून जुनी. गोरगरिबांच्या मदतीसाठी १८३७ मध्ये आसपासच्या पॅरिश (चर्चच्या नावाने ओळखले जाणारे स्थानिक विभाग) एकत्र करून जो संघ केला होता, त्या संघात या हद्दीचं मूळ आहे. पाणी, सांडपाणी, सार्वजनिक आरोग्य आणि पुढे घरबांधणी ही जिल्ह्याच्या निवडून आलेल्या कौन्सिलची मुख्य कामं. १९३० पर्यंत हेच सदस्य गरिबांच्या मदतीचा कारभारही पाहत.

पश्चिमेकडे थॉर्नली, विंगेट इथे खाणी आधीपासून होत्या. किनाऱ्याकडचा कोळसा मात्र चुनखडीच्या जाड थराखाली होता. ईझिंग्टन कोलियरीचा, म्हणजे कोळसाखाणीचा, शाफ्ट (खाली जाणारी उभी विहीर) १८९९ मध्ये खणायला घेतला. वाटेत पाण्याने भरलेली वाळू लागली, ती गोठवून मग खाली जावं लागलं. कोळसा वर यायला १९१० उजाडलं. हॉर्डनची खाण मात्र १९०४ मध्येच सुरू झाली. शेतांच्या जागी कंपनीच्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. इतक्या वस्तीला पुरेल असं एकही शहर हद्दीत नव्हतं, आणि सरकारदरबारी हा भाग शेवटपर्यंत ‘ग्रामीण’च राहिला.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कौन्सिलचे अभियंता सी. डब्ल्यू. क्लार्क यांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवलं. नवी घरं प्रत्येक खाणगावात थोडी थोडी वाटू नका, सगळी एका ठिकाणी बांधून शहर वसवा, असा त्यांचा प्रस्ताव होता. नाव सुचवलं खाणकामगारांचे नेते पीटर ली यांचं. खाणकामगारांचं शिष्टमंडळ लंडनला मंत्र्यांकडे गेलं आणि १९४८ मध्ये पीटरली मंजूर झालं. इतर नवी शहरं सरकारने ठरवली, हे लोकांनी मागून घेतलं. या कौन्सिलची सर्वांत मोठी कामगिरी हीच. तरी बांधकाम तिच्या हाती आलं नाही, ते मंत्र्यांनी नेमलेल्या विकास महामंडळाकडे गेलं.

पहिले वास्तुविशारद बर्थोल्ड ल्युबेटकिन यांना उंच इमारती हव्या होत्या. पण शहराखालचा कोळसा अजून काढायचा होता. थर काढून झाला की मागचं छत कोसळू देतात आणि वरची जमीन बशीसारखी खोलगट बसते. बशीच्या कडेला जमीन ताणली जाते, मधोमध दाबली जाते. लांब, एकसंध भिंतीला तडे जातात, उंच इमारत कलते. त्यामुळे जिथे निरनिराळ्या जागा वेगवेगळ्या वेळी बसणार, तिथे विखुरलेली बुटकी घरंच सुरक्षित. कोळसा आधी की शहर, यावर सरकारी खाणी चालवणाऱ्या नॅशनल कोल बोर्डाशी मेळ बसेना, आणि १९५० मध्ये ल्युबेटकिन यांनी राजीनामा दिला. पीटरली पुढे दुमजली घरांचंच जास्त झालं.

१ एप्रिल १९७४ ला रूरल डिस्ट्रिक्ट आणि शेजारचा सीहॅम अर्बन डिस्ट्रिक्ट मिळून नवा ईझिंग्टन जिल्हा झाला. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद पडली. २००९ मध्ये तो जिल्हाही गेला आणि कारभार डरहॅम काउंटी कौन्सिलकडे आला.