सासरी जायचंच नसेल तर?

बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, पण दुखणीही जास्त काढतात. जगात बहुतेक ठिकाणी हेच दिसतं, आणि त्याचं कारण सहसा स्त्रीच्या शरीरात शोधलं जातं: हार्मोन्स, बाळंतपणं, जनुकं. त्यात तथ्य आहेच. पण त्यातला काही वाटा घराच्या रीतीचा असेल तर तो वेगळा काढायचा कसा? त्यासाठी एकच भाषा बोलणारे, एकाच परंपरेतले, पण कुटुंबाची रीत निराळी असलेले लोक हवेत. असे लोक चीनमध्ये आहेत.

युनान आणि सिचुआन प्रांतांच्या सीमेवर, सुमारे २,७०० मीटर उंचीवर लुगू सरोवर आहे. त्याच्या परिसरात मोसुओ समाज राहतो. खोऱ्यातल्या मोसुओंच्या परंपरेत लग्न करून मुलगी घर सोडत नाही आणि मुलगाही सोडत नाही. आजी, तिच्या लेकी, तिचे मुलगे आणि लेकींची मुलं असं भरलेलं घर असतं. पुरुष रात्री जोडीदारणीकडे जातो, सकाळी आईच्या घरी परततो आणि तिथल्याच शेतात राबतो. मुलांना अंगाखांद्यावर खेळवायला, शिस्त लावायला, त्यांच्यासाठी कमवायला घरात मामा असतात. घर आणि जमीन आईकडून लेकीकडे जाते, आणि कारभारही बहुधा एखाद्या कर्त्या बाईच्या हातात असतो.

डोंगरात वस्ती करून असलेल्या काही मोसुओंची भाषा तीच, पण रीत आपल्या ओळखीची: जमीन बापाकडून मुलाकडे, आणि सून सासरी.

अ‍ॅडम रेनल्ड्स, कॅथरीन वँडर, शिवॉन मॅटिसन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गटांतल्या लोकांचा रक्तदाब मोजला आणि बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब तपासले. रक्तात ते सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन शोधत होते. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठे दाह, म्हणजे सूज (इन्फ्लमेशन), सुरू असला की वाढतं. साधा ताप आला तरी ते चढतं आणि बरं वाटलं की उतरतं. ते सतत चढलेलं राहिलं, तर हृदयविकाराचा धोका वाढतो. लांबलेला मानसिक ताणही असा दाह धुमसत ठेवतो.

२०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बापाकडून वारसा चालणाऱ्या गावांत बायकांमध्ये दाहाचं आणि उच्च रक्तदाबाचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. आईकडून वारसा चालणाऱ्या गावांत चित्र उलटलं: तिथे बायकाच पुरुषांपेक्षा बऱ्या होत्या. दोन्हीकडच्या बायकांची तुलना केली, तर सासरी नांदणाऱ्यांच्या गावांत जुनाट दाहाचं प्रमाण दुपटीहून अधिक भरलं.

इथे शंका यायलाच हवी. डोंगरातली हवा, गरिबी, आहार यांचा हा परिणाम नसेल कशावरून? म्हणूनच पुरुषांचे आकडे मोलाचे ठरतात. नुसत्या डोंगराने तब्येत बिघडवली असती, तर पुरुषांचीही तेवढीच बिघडली असती. तसं झालं नाही. मुख्य फरक बायकांमध्येच पडला. अशा एका पाहणीने कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे खरं. पण स्त्रीचं आजारपण तिच्या जनुकांतच लिहिलेलं असतं, हा समज यानंतर टिकणं कठीण आहे. जमिनीवरचा हक्क, निर्णयाचा अधिकार आणि अडीनडीला हाकेच्या अंतरावर आई, बहीण, भाऊ या गोष्टींची संशोधकांना दिसलेली ताकद मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

भारतात हा धागा फार आधी हाती आला होता. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांचे प्रादेशिक विभाग मांडले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी घरात दिली जाते. दक्षिणेत ती अनेकदा नात्यातच जाते, त्यामुळे सासू कित्येकदा आत्याच असते. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये: अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र चालत नाही. पुढे १९८३ साली टिम डायसन आणि मिक मूर या अभ्यासकांनी याच फरकाला लोकसंख्येच्या आकड्यांशी जोडलं. दक्षिणेकडच्या राज्यांत बालमृत्यू आणि जन्मदर कमी होते, आणि त्यामागे माहेरशी न तुटलेली, म्हणून अधिक स्वायत्त असलेली स्त्री आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

नात्यातल्या लग्नांना आनुवंशिक आजारांची जोखीम असते, तेव्हा तो उपाय म्हणून सुचवण्यात अर्थ नाही. पण पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी आणायची आपली प्रथा याच अंगाने तपासून पाहण्यासारखी आहे. सासरी नांदण्याच्या रीतीत त्या काही महिन्यांपुरती तरी बाई पुन्हा आईच्या घरातली होते. त्या काळात तिचा रक्तदाब, झोप आणि रक्तातला दाह कसा बदलतो, आणि सासरी परतल्यावर पुढे काय होतं, हे मोजणं अवघड नाही. एक बोट, रक्ताचे चार थेंब आणि नेमाने भेट देणारी आरोग्यसेविका एवढ्यावर ते होऊ शकेल.