हॉपर भरलेला, तरी आग विझलेली: पेलेट स्मोकरमध्ये इंधन नक्की अडकतं कुठं?

पेलेट स्मोकर वापरायला सोपा आहे यात वाद नाही, डब्यात, म्हणजे हॉपरमध्ये, लाकडाचे पेलेट भरायचे, तापमान सेट करायचं आणि मांस आठ-दहा तास मंद धुरात शिजू द्यायचं. पण कधीतरी मधेच आकडा ११० अंशांवरून ९० वर, मग ७० वर घसरायला लागतो, झाकण उघडून बघावं तर आत आग नाही आणि हॉपर अजून निम्मा भरलेला. अशा वेळी बहुतेक लोक थेट मोटर गेली, बोर्ड गेला म्हणून पार्ट शोधायला लागतात. मला विचाराल तर मशीनच्या आधी पेलेटकडे बघा, कारण हे इंधन ना गॅससारखं वागतं ना पाण्यासारखं, दाणेदार पदार्थांचं स्वतःचं वेगळं शास्त्र असतं आणि इंधन अडकण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात.

आधी रचना समजून घेऊ. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली छिद्रातून ढकलून केलेल्या साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबताना घर्षणाने भुसा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि गार झाल्यावर तेच सगळं धरून ठेवतं, त्यामुळे वेगळा गोंद बहुतेक वेळा लागत नाही. हॉपरच्या तळाशी एक आडवा स्क्रू असतो, त्याला ऑगर म्हणतात, तो हळूहळू फिरत पेलेट पुढे फायर पॉटमध्ये, म्हणजे ते जळतात त्या छोट्या भांड्यात, टाकतो. तिथं इग्नायटर नावाची लालबुंद होणारी कांडी पहिली आग लावते आणि फॅन हवा पुरवतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी ही पद्धत स्वयंपाकाच्या ग्रिलमध्ये आणली आणि आजच्या बहुतेक मॉडेलांचा सांगाडा अजून तोच आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला पेलेट दिसत नाहीत आणि ज्वाळाही दिसत नाही, त्याला फक्त तापमान कळतं. तापमान पडलं की तो ऑगर जास्त वेळ फिरवतो, मग पेलेट खरंच पुढे जातायत की ऑगर नुसताच रिकामा फिरतोय हे त्याला समजायचा काही मार्ग नाही. म्हणून ते तुम्हालाच शोधावं लागतं, आणि त्याची सुरुवात एकाच प्रश्नापासून करायची: फायर पॉटमध्ये पेलेट आहेत की नाहीत?

पॉट न जळलेल्या पेलेटनी भरलेला असेल तर इंधन व्यवस्थित येतंय, लफडं जळण्यात आहे. राखेनं हवेची भोकं बुजलीत, फॅन बंद पडलाय किंवा इग्नायटर गेलाय, यातलं काहीतरी असणार. इग्नायटर शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो आणि मग सगळं मशीनच गप्प बसतं, ते वेगळं ओळखू येतं. ऑगर उगाच उघडत बसू नका.

पॉट रिकामा असेल तर हॉपरचं झाकण उघडा. बऱ्याचदा काय दिसतं, तर मधोमध खालपर्यंत गेलेला खड्डा आणि चारी बाजूंना पेलेट भिंतीला टेकून उभे. ऑगरच्या वरचे तेवढे पेलेट खाली गेले, बाजूचे हललेच नाहीत. याला बोगदा पडणं म्हणतात. कधी याच्या उलट होतं, वरून सगळं सपाट आणि भरलेलं दिसतं पण खाली पेलेट एकमेकांत अडकून कमान तयार झालेली असते आणि तिच्याखाली पोकळी.

हे का होतं ते १८९५ मध्ये जान्सेन या जर्मन इंजिनिअरने धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून दाखवलं होतं. पाण्याच्या टाकीत जितकं खोल जाल तितका दाब वाढत जातो, धान्याच्या कोठारात मात्र थोड्या खोलीनंतर दाब वाढायचा जवळजवळ थांबतो, कारण दाणे भिंतींना घासतात आणि वरचं बरंचसं वजन भिंतीच पेलतात. म्हणजे काय, तर हॉपर काठोकाठ भरला की तळाचे पेलेट आपोआप जोरात ढकलले जातील असं धरून चालूच नका. पुढे १९६० च्या दशकात युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी हॉपरच्या भिंती किती तिरक्या आणि किती गुळगुळीत असल्या म्हणजे माल न अडकता वाहतो याचा पद्धतशीर अभ्यास केला, आज कारखान्यांतले मोठाले सायलो, म्हणजे माल साठवायच्या उंच टाक्या, त्या कामाच्या आधाराने डिझाइन होतात. स्मोकरची उंची मात्र बेताची ठेवावी लागते, मग कित्येक मॉडेलांत हॉपरचा तळ पसरट होतो आणि पेलेट कडेला रेंगाळतात.

यावर उपाय अगदी साधा, दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीनं पेलेट मधे सारायचे. हात घालू नका, खाली ऑगर फिरत असतो आणि त्याला बोट आणि पेलेट यातला फरक कळत नाही.

पेलेटची क्वालिटी इथं फार फरक पाडते. युरोपात वापरल्या जाणाऱ्या आयएसओ मानकात सर्वात वरच्या दर्जाच्या पेलेटला लांबी ४० मिलिमीटरपर्यंत, ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणि भुकटी १ टक्क्यापर्यंत अशा मर्यादा आहेत. लांब कांड्या एकमेकांत जास्त अडकतात आणि भुकटी फटी भरून काढते, त्यामुळे भुकटी जास्त असली की सगळा ढीग घट्ट बसतो. हॉपर रिकामा झाला की तळाची भुकटी काढून टाका, तिच्यावरच नवीन पोतं ओतू नका.

आणि पाणी, ते तर पेलेटचा शत्रूच. पेलेट ओला झाला की फुगतो, लिग्निनची पकड सुटते आणि परत भुसा होतो. हा ओला भुसा ऑगरच्या नळीत गेला, तिथं स्क्रू त्याला दाबत राहिला आणि नंतर तो वाळला, तर नळीत सिमेंटसारखा गठ्ठा बसतो. एक पेलेट हातात घेऊन मोडून बघा, चांगला असेल तर कट्कन तुटतो, नुसत्या दाबानं चुरा होत असेल तर तो हॉपरमध्ये घालूच नका. दमट हवेत मशीन बरेच दिवस बंद राहणार असेल तर हॉपर आणि ऑगर दोन्ही रिकामे करून ठेवा.

हॉपर ठीक आहे, तरी पेलेट येत नाहीत, मग मोटरकडे जायचं. मोटर फिरतेय पण ऑगर स्थिर आहे, तर बहुधा त्या दोघांना जोडणारी शिअर पिन तुटलीय. ही पिन मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते, म्हणजे जाम झाल्यावर मोटरचे गिअर तुटण्याऐवजी स्वस्तातली पिन तुटावी, त्यामुळे तिच्या जागी जाड पक्का बोल्ट टाकणं म्हणजे पुढच्या जामला मोटर घालवणं. मोटर नुसती गुणगुणतेय आणि फिरत नाही, तर जाम आहे. काहीच आवाज नाही, तर वायर, फ्यूज, मोटर या क्रमानं तपासा.

जाम काढताना प्लग काढलेला आणि मशीन पूर्ण गार असलं पाहिजे. मोटर सोडवून ऑगर पाना लावून उलट दिशेनं थोडा थोडा फिरवायचा, सुटला की बाहेर ओढून नळी खरवडून साफ करायची. तेलाचा स्प्रे नळीत मारू नका, पुढे तिथंच आग असते.

परत चालू करण्याआधी फायर पॉट रिकामा करणं यात सूट नाही. विझलेल्या आगीवर ढीग साचलेला असताना इग्नायटर लावला तर पेलेट आधी धुमसतात, आत दाट पांढरा धूर भरतो, तो धूर स्वतः जळणारा वायू असतो आणि एकदम पेट घेतला तर झाकण उडण्याइतका दणका बसू शकतो. बंद करतानाही थेट प्लग खेचू नका, शटडाऊन सायकल पूर्ण होऊ द्या, कारण त्या वेळात फॅन चालू राहून उरलेले पेलेट जळून जातात. नाहीतर आग ऑगरमधल्या पेलेटवरून मागे हॉपरकडे सरकू शकते. ऑगर रिकामा केला असेल तर पहिले पेलेट पॉटपर्यंत पोचायला काही मिनिटं जातात, तेवढा वेळ झाकण उघडं ठेवून पेलेट पडायला लागेपर्यंत समोर उभे राहा, मगच नेहमीच्या पद्धतीनं सुरू करा.