आषाढात लांबणारा चाप

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर एका काकांकडे शेतराखणीच्या परवान्याची .३१५ रायफल आहे. तिच्याबद्दल त्यांची जुनी तक्रार अशी, की मे महिन्यात चाप कसा टचकन सुटतो आणि आषाढ लागला की नुसता ओढतच राहावं लागतं. मुंबईच्या भाच्यानं त्यांना मोबाइलवर परदेशी बनावटीचे तयार चाप दाखवले. "बसवून घेऊ काय रे?" काकांनी मला विचारलं. चापाला ऋतू कळतो हा त्यांचा भास असणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

बोल्टच्या, म्हणजे गोळी भरायला हातानं मागेपुढे करायच्या दांड्याच्या, रायफलीत चाप ओढला की नेमकं काय होतं? फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई, एका तगड्या स्प्रिंगच्या जोरावर मागे ताणून धरलेली असते. तिला धरून ठेवणारा पोलादी अडसर म्हणजे सिअर. पुष्कळ रायफलींत या अडसराची पकड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. चाप ओढणं म्हणजे तेवढं अंतर पोलादावरून पोलाद सरकवणं, म्हणजे सगळा खेळ घर्षणाचा. घर्षण हे पृष्ठभाग एकमेकांवर किती जोरानं दाबले गेलेत आणि ते किती गुळगुळीत आहेत यावर ठरतं. किती क्षेत्रफळ टेकलंय याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून सिअरची पकड कमी केली तर चाप 'हलका' होत नाही, त्याचा प्रवास तेवढा आखूड होतो. हे न कळल्यामुळे कानस घेऊन बसलेले हौशी लोक रायफल धोकादायक करून ठेवतात.

आणखी एक गंमत. जड पेटारा ढकलताना तो हलेपर्यंत जोर लागतो आणि हलला की सुळकन पुढे जातो, कारण स्थिर घर्षण गतीतल्या घर्षणापेक्षा जास्त असतं. खडबडीत सिअरवर हेच शंभरदा घडतं. अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. बोटाला वाळू लागल्यासारखं वाटतं ते यामुळे.

एवढ्यानं काय बिघडतं? साडेतीन किलोच्या रायफलीचा चाप अडीच किलोचा जोर मागत असेल, तर बोट रायफलीच्या वजनाच्या दोन तृतीयांशाहून जास्त जोरानं ओढत असतं. ५० मीटर रायफल नेमबाजीत दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते याच अंतरावर. खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत एक मीटर धरलं, तर नळीचं तोंड कागदाच्या जाडीएवढं, म्हणजे एक दशांश मिलिमीटर हललं की गोळी ५ मिलिमीटर सरकते. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ-बारा वेळा बारीक थरथरतच असतो. त्यात अडीच किलोचा हिसका!

तयार चापात हे कसं सोडवतात? जुन्या लष्करी रचनेत स्प्रिंगचा भार घेणारा सिअर चाप थेट ओढून खाली आणतो. नव्यांत मधे तरफ असते. ती भार वाटून घेते आणि चापाच्या टोकाला त्याचा थोडा हिस्साच पोचतो. तीन बारीक स्क्रू असतात, एक वजनाचा, म्हणजे चाप ओढायला किती जोर लागावा याचा, एक पकडीचा आणि एक गोळी सुटल्यावर चाप किती मागे जावा याचा. रानात वापरायच्या रायफलीला सव्वा ते दीड किलो पुरे, असं माझं मत. घामेजल्या बोटाला आणि धडधडत्या छातीला त्याहून हलका चाप म्हणजे संकटाला आवतण.

बसवणं दिसायला सोपं असतं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, दस्ता, म्हणजे रायफलीचं लाकूड, उतरवायचा, पंचनं दोन पिना काढायच्या, जुनं काढून नवं ठेवायचं. कधी दस्त्याचं लाकूडही थोडं कोरावं लागतं. खरं काम पुढे आहे. बोल्ट जोरात आपटून बंद करायचा, दस्ता रबरावर ठोकायचा, सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा आणि मग सेफ्टी काढायची. यातल्या एकदाही फायरिंग पिन सुटली तर तो चाप बाद. स्क्रू पक्के करायच्या डिंकाचं तर विचारूच नका. २०१४ साली रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीनं मॉडेल ७०० च्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली परत मागवल्या, कारण जुळणीत जास्तीचा चिकट पदार्थ लागला होता आणि चाप न ओढताही गोळी सुटण्याचा धोका होता. कारखान्याची ही गत, तर आपण पडवीत बसून काय करणार? आपल्याकडे बंदूकदुरुस्तीच्या धंद्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा हे काम त्याच माणसाकडे न्यावं.

काकांच्या रायफलीची अडचण मात्र वेगळीच निघाली. बाजारातले बहुतेक तयार चाप रेमिंग्टन ७०० किंवा माउझर ९८ या रायफलींच्या ढाच्याचे. काकांची .३१५ ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. या घराण्याच्या जुन्या रायफलींत सिअर वर लोखंडी सांगाड्याला असतो आणि चाप खाली, लाकडाला आवळलेल्या गार्डवर, म्हणजे चापाभोवतीच्या लोखंडी कड्यावर. दोघांच्या मधे लाकूड. लाकडानं ओल ओढली की ते फुगतं आणि चाप सिअरपासून दूर जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नंबर ४ मार्क २ रायफलीत चाप थेट सांगाड्यालाच टांगला, तो या कटकटीपायीच. आणि आमच्याकडे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. म्हणजे काकांचं बोट बरोबर होतं आणि माझी शंका चूक.

नवा चाप आलाच नाही. परवान्यावाल्या कारागिरानं एप्रिलमध्ये दस्ता उतरवून आठ दिवस सावलीत सुकवला, आतल्या उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचे चार हात दिले आणि गार्डचे स्क्रू नीट आवळले. यंदा आषाढात चाप लांबला, पण अगदी थोडा. काका म्हणतात, तेलाचा आणखी एक हात हवा होता.