विमान रखडले किंवा पुढचे चुकले तर: पात्रता, कागदपत्रे आणि घरच्यांना मिळणारी माहिती

सोलापूरचा प्रवासी लांबच्या प्रवासाला बहुधा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथून विमान धरतो आणि तिकीट एजंटाकडून काढलेले असल्यास त्यावर कित्येकदा एजंटाचाच मोबाइल क्रमांक असतो. ही बाब किरकोळ नाही. उड्डाण रद्द झाल्याची सूचना त्याच क्रमांकावर जाते आणि आरक्षण करताना पुरेसा संपर्क तपशील न देणाऱ्यास डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमांनुसार आर्थिक भरपाई मिळत नाही. त्यामुळे तिकीट हाती येताच क्रमांक तपासून आपला नोंदवून घ्यावा.

उड्डाण रखडल्यास मिळणाऱ्या सुविधांसाठी कन्फर्म तिकीट आणि वेळेत केलेले चेक-इन आवश्यक आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास उशीर झाल्यास कंपनीने अल्पोपाहार द्यावयाचा असतो. देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून अधिक लांबल्यास पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतील निवड प्रवाशाची असते. एकाच तिकिटावरील जोडविमान, म्हणजे मधल्या विमानतळावरून पुढे नेणारे विमान, चुकल्यास भरपाईची तरतूद आहे, मात्र खराब हवामानासारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणास ती लागू नाही. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, किंवा पुण्याला जाणारी रेल्वेच उशिरा पोहोचली असेल, तर कंपनीवर ही जबाबदारी येत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी तिकिटे तोडून घेणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

घरच्यांनी फोन केला तरी अमुक प्रवासी विमानात बसला की नाही, हे कंपनी सहसा सांगत नाही. प्रवाशाच्या खासगी माहितीचा तो प्रश्न आहे. विमान कुठवर आले, हे मात्र केवळ फ्लाइट क्रमांकावरून कोणालाही पाहता येते. आरक्षणाच्या चौकशीसाठी पीएनआर (तिकिटावरील आरक्षण क्रमांक) आणि आडनाव लागते, म्हणून दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वी घरातील एका विश्वासू व्यक्तीकडे लिहून ठेवाव्यात. पीएनआर व आडनाव हाती असलेला कोणीही आरक्षण उघडू शकतो, तेव्हा तिकिटाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये.

तक्रारीसाठी तिकीट, बोर्डिंग पास, आलेले संदेश, खर्चाच्या पावत्या आणि काउंटरवरून मागून घेतलेले विलंबाचे लेखी कारण जोडावे. प्रथम कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) आणि समाधान न झाल्यास सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी. त्यापुढे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तेथेच, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मार्गदर्शनासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.