दोन तासांवरून दहा मिनिटांवर: पास्ता शिजवण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

पास्ता कसा शिजवावा, याचे नियम आता बऱ्याच जणांना तोंडपाठ असतात. भरपूर पाणी, खळखळती उकळी, नीट मीठ, तेल अजिबात नाही, निथळल्यावर धुवायचा नाही आणि आतून किंचित घट्ट असतानाच उतरवायचा. सांगणाऱ्याचा थाट असा असतो, की इटलीत पहिल्या दिवसापासून हेच चालत आलंय. जुनी कागदपत्रं वेगळंच सांगतात. यातला एकेक नियम वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने आला आहे आणि घट्ट पास्त्याचा आग्रह तर त्या मानाने बराच नवा आहे.

आधी मार्को पोलोचा विषय संपवू. त्याने चीनहून पास्ता आणला ही गोष्ट १९२९ साली अमेरिकेतल्या पास्ता उत्पादकांच्या मासिकाने लोकप्रिय केली. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याआधी, १२७९ मध्ये, जेनोवाच्या एका नोटरीने केलेल्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पेटाऱ्याची नोंद आहे. त्याच्याही मागे जायचं तर भूगोलकार अल-इद्रिसीने ११५४ मध्ये सिसिलीतल्या त्राबिया गावाबद्दल लिहून ठेवलंय, की तिथे 'इत्रिया' (शेवयांसारखा पास्ता) मोठ्या प्रमाणात बनते आणि जहाजं भरभरून बाहेर जाते. जहाजातून जाते म्हणजे ती वाळवलेली असणार, हे उघड आहे.

वाळवलेला पास्ता शिजवायचा किती वेळ? पंधराव्या शतकातला नावाजलेला आचारी माएस्त्रो मार्तिनो सांगतो, दोन तास. त्याच्या सिसिलियन मॅकरोनीची कृती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मैद्याच्या पिठात अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी घालून मळायचं, वीतभर लांब नि दोऱ्याइतक्या बारीक लोखंडी सळईवर गुंडाळून पोकळ नळ्या करायच्या आणि उन्हात वाळवायच्या. ऑगस्टच्या चांद्रमासात केल्या तर दोन-तीन वर्षं टिकतात, असंही तो सांगतो. मग पाण्यात किंवा मांसाच्या रश्श्यात दोन तास शिजवून वर लोणी, किसलेलं चीज आणि गोडसर मसाले. आज कुणी असं केलं तर त्याला लगदा म्हणतील. पण तेव्हाच्या वैद्यकात कणकेचा पदार्थ जड मानला जाई, त्यामुळे तो मऊ होईस्तोवर शिजवणं हेच शहाणपणाचं होतं.

याच्या उलट बोलणारा माणूस सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये भेटतो. जोव्हान्नी देल तुर्को. मॅकरोनी शिजताच तिच्यावर गार पाणी ओतावं, म्हणजे ती घट्ट होते, असं तो लिहितो. गंमत बघा, घट्ट पास्त्याची शिफारस करणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक नेमकं तेच सांगतोय, जे आजचे नियम करू नका म्हणतात.

खरा बदल घडला तो नेपल्समध्ये. सतराव्या शतकात शहराची लोकसंख्या फुगली, मांस गरिबांच्या आवाक्याबाहेर गेलं आणि त्याच सुमारास कणीक मळण्याची आणि साच्यातून दाबून काढण्याची यंत्रं आली. पास्ता स्वस्त झाला. भाजीपाला खाणारे म्हणून हिणवले जाणारे नेपल्सकर आता मॅकरोनीखाऊ म्हणून ओळखले जाऊ लागले. रस्त्यावर कढया उकळत असायच्या, विक्रेता त्यातून पास्ता उपसून वर चीज भुरभुरवायचा आणि गिऱ्हाईक मान मागे टाकून हातानेच तो तोंडात सोडायचं. १७८७ साली नेपल्सला गेलेल्या जर्मन कवी गटेनेही हा स्वस्त, जागोजागी मिळणारा पदार्थ टिपून ठेवलाय. मला विचाराल तर घट्ट पास्त्याचं मूळ राजवाड्यांपेक्षा या कढयांमध्ये जास्त आहे. लगदा झालेली शेवई हाताने उचलता येत नाही आणि उभ्या गिऱ्हाइकाला दोन तास थांबायची सवड नसते.

टोमॅटो अजून दूरच होता. नेपल्सच्याच इप्पोलितो काव्हालकांतीच्या पाककृतींत, १८३९ च्या आवृत्तीत, टोमॅटोची वर्मिचेल्ली (बारीक शेवयांसारखा पास्ता) येते; पास्ता जरा कच्चट ठेवा, हा सूरही त्याच्याकडे ऐकू येतो. १८९१ मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुसीने घरगुती स्वयंपाकावरचं प्रसिद्ध पुस्तक काढलं. त्यात मोठं भांडं, पुष्कळ पाणी आणि बेताचं शिजवणं ही नेपल्सकरांची रीत म्हणून येते, म्हणजे तोवर ती साऱ्या इटलीची झालेली नव्हती. इंग्लंडमध्ये तर १८६१ साली पाककृतींच्या लेखिका मिसेस बीटन मॅकरोनीला दीड-पावणेदोन तास उकळायला सांगत होत्या.

वेळ कमी होण्यामागे चवीइतकाच गव्हाचाही हात आहे. ड्युरम गहू कडक असतो, त्यात प्रथिनं जास्त असतात. पास्ता उकळताना दोन गोष्टी एकदम चालतात: स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रथिनांची जाळी आवळून त्यांना धरून ठेवते. जाळी मजबूत असेल तर पास्ता अंग धरून राहतो. ती कमकुवत असेल तर स्टार्च पाण्यात उतरतो आणि ताटात गिचका येतो. ग्रान्यानो आणि तोर्रे अन्नुन्झियाता ही नेपल्सजवळची गावं वाळवण्याच्या कसबावरच मोठी झाली. आधी बाहेरचा थर झटकन सुकवायचा, मग गार-दमट जागी ठेवून आतली ओल बाहेरपर्यंत सारखी पसरू द्यायची, मग सावकाश पूर्ण वाळवायचा. घाई केली की तडे जातात आणि तडे गेलेला पास्ता उकळत्या पाण्यात मोडतो. १९६७ मध्ये इटलीने कायदाच केला, की देशात बनणारा सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. बाहेरून येणाऱ्या पास्त्याला १९८८ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालाने त्यातून सूट मिळाली. म्हणून पाकीट उलटून गहू कुठला ते वाचणं फायद्याचं. मऊ गव्हाच्या पास्त्याला कितीही जपलं तरी तो चिकटपणाकडेच झुकतो.

बाकी नियमांचं थोडक्यात. १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ हे इटालियन घरांतलं सोपं गणित. मीठ चवीसाठी, त्याने पाणी लवकर उकळत नाही की पास्ता लवकर शिजत नाही. तेल पाण्यावर तरंगत राहतं, चिकटणं थांबवायला पहिली दोन मिनिटं ढवळणं पुरतं. धुतल्याने वरचा स्टार्च निघून जातो आणि सॉस घसरतो, तेव्हा थंड सॅलड करायचं नसेल तर नळ बंदच बरा.

पाकिटावरच्या मिनिटांना मात्र फार मानू नये. त्याच्या दोन मिनिटं आधी एक स्पॅगेटी काढून तोडून बघा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला, तर तिथवर पाणी अजून पोचलेलं नाही. ठिपका पुसट झाला की उपसायचा, गरम सॉसमध्ये टाकायचा, पळीभर त्याचंच पाणी घालायचं आणि हलवत राहायचं. उरलेलं शिजणं तिथे होतं आणि पाण्यातल्या स्टार्चमुळे सॉस अंगाला धरतो.

भरपूर पाण्याच्या नियमालाही आता धक्के बसताहेत. २००९ मध्ये स्वयंपाकाच्या शास्त्रावर लिहिणारे हॅरोल्ड मगी यांनी नेहमीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढ्या, तेही थंड पाण्यापासून सुरुवात करून, स्पॅगेटी नीट शिजते हे करून दाखवलं; फक्त ढवळावं जास्त लागतं. २०२२ मध्ये गॅसची टंचाई भेडसावत असताना भौतिकशास्त्रातले नोबेलविजेते जॉर्जो पारिसी यांनी फेसबुकवर एक युक्ती पुढे पाठवली: दोन मिनिटं उकळल्यावर गॅस बंद, झाकण घट्ट, बाकीचं उरलेल्या उष्णतेवर. इटलीतले काही शेफ चिडले, रबरासारखा पास्ता खायला घालणार का, म्हणाले. पण स्टार्च फुगायला खळखळती उकळी लागत नाही, त्याहून कमी तापमानही पुरतं, त्यामुळे पारिसींचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. फक्त झाकण घट्ट बसणारं हवं आणि पाकिटावरच्यापेक्षा मिनिटभर जास्त थांबायची तयारी.