वॉकर (इंग्रजी आडनाव)

वॉकर : इंग्लंडमधील अतिशय प्रचलित आडनाव. आजच्या इंग्रजीवरून त्याचा अर्थ ‘चालणारा’ असा वाटतो, पण तो खरा नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे लोळवणे, घुसळणे. त्यावरून लोकरी कापड तुडवणाऱ्या कारागिराला ‘वेआल्केरे’ म्हणू लागले. पायी चालणे हा अर्थ त्या क्रियापदाला मागाहून चिकटला.

मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ आणि तेलकट असते. ते कुंडात टाकून, वर शिळे मूत्र किंवा तेल शोषणारी माती घालून तासन्‌तास तुडवत. मूत्रातील अमोनियाने तेलकटपणा सुटे, तंतू एकमेकांत गुंतत आणि कापड आटून दाट, उबदार होई. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच जातीची. इंग्रजीत तिला ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याची माती म्हणतात. मोठ्या कष्टाचे आणि दुर्गंधीचे हे काम होते.

या एकाच कामाने इंग्लंडला तीन आडनावे दिली. उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर, आग्नेयेस व पूर्वेकडील ईस्ट अँग्लियात फुलर, तर नैऋत्येस डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. ‘फुलर’चे मूळ लॅटिन ‘फुल्लो’त आहे. ‘टकर’ ज्या जुन्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ छळणे. कापडाची जी गत होई ती पाहता तो चपखलच. कुठल्या प्रांतात कोणती बोली होती, हे ही आडनावे आजही सांगतात, आणि त्यांचे खरे मोल मला यातच वाटते. डेव्हनमधील एक्सेटर शहरात विणकर, तुडवणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघाचे १४७१ मधील सभागृह अजून उभे आहे. त्याचे नाव टकर्स हॉल.

सामान्य लोकांची आडनावे इंग्लंडमध्ये मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांत वंशपरंपरागत झाली. तोवर पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटू लागले होते. टेंपलर या धर्मयोद्ध्या सरदारांच्या पंथाच्या ११८५ च्या मालमत्ता-नोंदींत अशा चक्क्या आहेत. म्हणजे पायांचे काम यंत्राकडे जात असतानाच पायांचे नाव घराण्यांना कायमचे लागले.

स्कॉटलंडमधील काही वॉकर मूळचे गेलिक, म्हणजे तिथली जुनी केल्टिक भाषा बोलणारे. ‘तुडवणाऱ्याचा मुलगा’ या अर्थाच्या त्यांच्या नावाचे इंग्रजी भाषांतर वॉकर झाले. तिथल्या हेब्रिडीझ बेटांवर बायका विसाव्या शतकापर्यंत फळीभोवती बसून, गाण्याच्या ठेक्यावर ओले कापड हातांनी आपटत असत.